थारोळे का ओसंडते?
घरच्या टीव्हीवर अडखळणाऱ्या चित्राचे निदान आणि उपाय

आपल्यापैकी पुष्कळांचे कुणी ना कुणी पुण्यात असते. मुलगा हडपसरला, लेक-जावई कात्रजला, पुतण्या धायरीला. सुगी आटोपली की वडीलधारी माणसे चार दिवस तिकडे जाऊन येतात. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसतात. टीव्हीच्या मागे तळहातावर मावेल एवढी एक डबी असते. घरच्या संगणकात किंवा हार्डडिस्कमध्ये साठवलेले कीर्तन, नातीच्या शाळेचे धडे, गावाकडच्या लग्नाचे चित्रीकरण ही डबी वायफायवरून ओढून घेते आणि पडद्यावर दाखवते. सारे सुरळीत चाललेले असते. आणि नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी, अक्षता पडत असताना, चित्र थबकते. चौकोनी ठिगळे दिसू लागतात, आवाज तुटतो, गोल चकती फिरत राहते.

मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या. कुणी म्हणते, डबी जुनी झाली, नवी आणा. पैसे खर्च होतात आणि दुखणे तसेच राहते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. म्हणून निदान आधी आणि खर्च मागून, एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ पैसे वाचतील. आणि निदान काही अवघड नाही. ज्याने शेताला पाणी पाजले आहे त्याला ते चटकन समजेल.

मुंग्या गेल्या, चौकोन आले

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्या काळी गच्चीवर अँटिना असे. वारा सुटला, कावळा बसला, की पडद्यावर मुंग्या येत. एकाने वर जाऊन अँटिना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे. लहरी कमजोर झाल्या की चित्र अंधूक होई, पण पूर्ण थांबत नसे.

आजचे चित्र निराळ्या रीतीने येते. चित्राचे आकडे केले जातात, त्या आकड्यांची लहान लहान पाकिटे बांधली जातात आणि ती एकामागून एक धाडली जातात. डबी ती पाकिटे गोळा करते, क्रमाने लावते, उघडते आणि चित्र उभे करते. पाकीट वेळेवर आले तर चित्र स्वच्छ. नाही आले तर चित्र थांबते किंवा तिथे ठिगळ दिसते. मधली अंधूक अवस्था जवळजवळ उरलेली नाही. म्हणून प्रश्न अँटिनाच्या दिशेचा राहिलेला नाही. पाकिटे कुठे अडतात किंवा कुठे सांडतात, हे शोधायचे आहे.

मोट, थारोळे आणि पाट

मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते आणि सगळे पाणी एका दमात थारोळ्यात ओतते. मग बैल मागे सरतात, मोट विहिरीत उतरते आणि तोवर वरून थेंबही येत नाही. पण पाट काही थांबत नाही. एकदम आलेले पाणी थारोळे सांभाळते आणि पाटाला धार लावून देते. दारे धरणाऱ्याला मोट केव्हा रिकामी झाली हे कळतसुद्धा नाही.

डबीत असेच एक थारोळे असते. त्याला बफर म्हणतात. जाळ्यातून पाकिटे सारख्या वेगाने कधीच येत नाहीत. कधी झुंडीने येतात, कधी क्षणभर खंड पडतो. बफर ती झुंड पोटात घेतो आणि पडद्याला मात्र संथपणे पुरवठा करतो. असा बफर एकाच ठिकाणी नसतो. घरच्या संगणकात असतो, राउटरमध्ये असतो, तारा जोडणाऱ्या स्विचमध्ये असतो आणि डबीतही एकाहून अधिक असतात. विहिरीपासून वाफ्यापर्यंत वाटेत पाच-सहा थारोळी आहेत असे समजा.

दोन वेगळी दुखणी

थारोळ्याला दोन प्रकारची दुखणी होतात आणि दोन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिले दुखणे म्हणजे थारोळे कोरडे पडणे. मोट उशिरा येते, पाट आटतो. टीव्हीवर गोल चकती फिरते, थोड्या वेळाने चित्र पुन्हा चालू होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुरवठाच कमी आहे.

दुसरे दुखणे म्हणजे थारोळे ओसंडणे. मोटेमागून मोट येते, पाटाची वाट अरुंद आहे, पाणी काठावरून सांडते. जाळ्यात जागा नसली की जादा पाकिटे टाकून दिली जातात. याला तंत्रज्ञ ओव्हररन किंवा ओव्हरफ्लो म्हणतात. सांडलेले पाकीट पुन्हा मागवण्याची पद्धत वापरात असेल तर डबी ते मागवते, त्यात वेळ जातो आणि चित्र अडखळते. तशी पद्धत नसेल तर पाकीट कायमचे गेले. पडद्यावर ठिगळ दिसते, आवाजात टकटक होते.

गंमत अशी की, ओसंडण्यामुळेही शेवटी वाफा कोरडाच राहतो. म्हणून नुसत्या लक्षणावरून औषध देऊ नये.

थारोळे मोठे केले तर?

बरेच जण सेटिंगमध्ये जाऊन बफर वाढवतात. याचा उपयोग किती, ते हिशेबाने पाहू.

समजा, चित्राला सेकंदाला २० मेगाबिट लागतात आणि येतात १६. तूट ४ मेगाबिटांची. बफर १०० मेगाबाइटचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून त्यात ८०० मेगाबिट मावतात. बफर भरून घेऊन चित्र सुरू केले तर ८०० भागिले ४, म्हणजे २०० सेकंदांत तो रिता होईल. बफर दुप्पट केला तर ४०० सेकंद चालेल. पावणेसात मिनिटांनी चित्र थांबणारच. क्षणभराच्या खंडाला थारोळे उपयोगी पडते. रोजची तूट त्याने भरून निघत नाही.

आता ओसंडण्याचा हिशेब पाहा. घरच्या संगणकाची तार सेकंदाला १००० मेगाबिट सोडू शकते. डबीचे तोंड मात्र १०० मेगाबिटांचे. मधल्या लहान स्विचमध्ये एका मेगाबिटाची जागा आहे असे धरा. संगणकाने पूर्ण जोराने झुंड सोडली तर दर सेकंदाला ९०० मेगाबिट या हिशेबाने जादा माल साचतो. ती जागा भरायला एक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच अधिक वेळ लागतो. त्यापुढचे सांडते. चित्राला सेकंदाला फक्त २० मेगाबिट हवे असले तरीही! कारण सरासरी २० असली तरी माल झुंडीने येतो. येथे इंटरनेटचा प्लॅन दुप्पट करून काहीही साधणार नाही. माल घरातल्या घरातच सांडतो आहे.

आपल्या चित्रफितीला किती लागते?

हे सूत्र वहीत लिहून ठेवा: फाइल जितक्या मेगाबाइटची, त्याला ८ ने गुणा आणि जितके सेकंद ती चालते त्याने भागा. एक तासाच्या लग्नाची फाइल ४५०० मेगाबाइटची असेल, तर ४५०० गुणिले ८ भागिले ३६००, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट. फोनवर काढलेली फीत मिनिटाला ३५० मेगाबाइट खात असेल तर तिला सुमारे ४७ लागतील. दोन्ही फिती दिसायला सारख्या, पण भूक चौपटीहून अधिक.

ही झाली सरासरी. वधू-वर स्थिर उभे असतात तेव्हा थोडे लागते. अक्षता पडतात, फुलांच्या पाकळ्या उडतात, हजार बारीक गोष्टी एकदम हलतात, तेव्हा बऱ्याचदा सरासरीच्या कितीतरी पट लागते. चित्र नेमके मंगलाष्टकांच्या वेळी थबकते याचे हे एक कारण. जेवढी सरासरी, तिच्या निदान दुप्पट वाट मोकळी असावी.

टेलकडून हेडकडे

खडकवासल्याचा उजवा कालवा पुणे शहरातून निघून हवेली, दौंड करीत इंदापूरपर्यंत जातो. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचले नाही तर पाटकरी काय करतो? कालव्याने चालत निघतो आणि पाणी कुठवर आहे ते पाहतो. आपली डबी ही टेलचा शेतकरी आहे. तिच्यापासून सुरुवात करा आणि एकेक टप्पा मागे जा. एका वेळी एकच बदल करा आणि काय झाले ते वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

पहिली चाचणी: अडखळणारी फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि ती डबीलाच जोडून लावा. आता जाळ्याचा संबंध उरला नाही. तरीही चित्र अडखळले तर दोष फाइलचा किंवा डबीचा. ती फाइल ज्या पद्धतीने बांधली आहे ती उलगडण्याची ताकद डबीत नसेल, किंवा डबी तापली असेल. बंद कपाटात, टीव्हीच्या गरम पाठीला चिकटलेली डबी तापली की स्वतःचा वेग कमी करते. तिला मोकळ्या हवेत आणा, नको असलेली ॲप्स बंद करा, एकदा बंद करून सुरू करा.

दुसरी चाचणी: पेनड्राइव्हवरून नीट चालले तर राउटरपासून डबीपर्यंत तार लावून पाहा, अगदी खोलीतून आडवी टाकावी लागली तरी चालेल. तारेवर नीट चालले आणि वायफायवर अडखळले, तर दोष वायफायचा.

तिसरी चाचणी: घरच्या हार्डडिस्कवरची फीत अडखळते, पण बाहेरून येणारी तितक्याच भुकेची चित्रे नीट दिसतात का? मग इंटरनेट कंपनीला फोन करू नका, दोष घरात आहे. उलट घरचे सारे नीट आणि बाहेरचेच अडखळते, तर कंपनीला जरूर विचारा.

चौथी चाचणी: तारेवरही अडखळते, तेव्हा तार बदलून पाहा. १००० मेगाबिटांसाठी तारेतील आठही धागे शाबूत लागतात. १०० मेगाबिटांचे काम चारांवर भागते. एखादा धागा तुटला किंवा टोकाची पकड सैल झाली की मोठा कालवा गुपचूप चारी होऊन बसतो. दिवे लुकलुकतात म्हणून सारे ठीक आहे असे समजू नये.

पाचवी गोष्ट जाणकार मुलाला सांगावी. अशा पुष्कळ डब्या लिनक्स या प्रणालीवर चालतात. तिच्यात किती पाकिटे आली, किती टाकली आणि किती वेळा ओव्हररन झाला याची मोजणी चालू असते. आकडा एकदा पाहून उपयोग नाही. आधी लिहून घ्या, चित्र पंधरा मिनिटे चालवा, पुन्हा पाहा. ओव्हररन वाढत असेल तर पाकिटे डबीच्या दारापर्यंत आली, पण आतल्या कारभाऱ्याला ती उचलायला सवड झाली नाही, असा अर्थ. आकडा जिथल्या तिथे असेल तर डबीच्या दाराशी सांडत नाही. सांडणे दुसरीकडे आहे.

ओसंडण्यावर उतारा

मोट जोरात आणि पाट अरुंद असेल तर काय करतो? एक तर बैल सावकाश हाकतो किंवा पाट रुंद करतो. इथेही तेच आहे. डबीचे तोंड १०० चे असेल आणि चित्रे भारी असतील तर १००० चे तोंड असलेली डबी घेणे हे पाट रुंद करणे झाले. ते परवडत नसेल तर बैल सावकाश हाकावे. संगणकाची तार १०० वर बांधून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. काही स्विचमध्ये 'फ्लो कंट्रोल' नावाची सोय असते. ती चालू केली की भरत आलेले थारोळे मागच्याला "जरा थांब" असा निरोप देते. आणि फाइल पाठवताना यूडीपी व टीसीपी अशा दोन पद्धतींची निवड असेल, तर साठवलेल्या फितीसाठी टीसीपी निवडावी. तिच्यात पोहोच मिळाल्याशिवाय पुढचा माल बेबंद सुटत नाही आणि सांडलेले पाकीट पुन्हा येते.

ही शिस्त जगाला एका अनुभवातून आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दोन संस्थांमधले जाळे बसले. अंतर होते अवघे चारशे यार्ड. एरवी सेकंदाला ३२,००० बिट वाहणारी वाट ४० बिटांवर आली. पाकिटे सांडत होती, म्हणून यंत्रे तीच पुन्हा जोराने पाठवत होती, म्हणून आणखी सांडत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी उपाय केला आणि १९८८ साली तो जगापुढे मांडला. सुरुवात सावकाश करा, वाट मोकळी दिसली तर वेग वाढवा आणि पाकीट सांडले की लगेच हात आखडता घ्या. सांडणे हा निरोप समजा. आजचे टीसीपी याच तत्त्वावर उभे राहिले आहे.

त्याच्या उलट टोकाची चूकही जगाने केली. पुढे साठवणीची जागा स्वस्त झाली आणि राउटरमध्ये अवाढव्य बफर बसवले जाऊ लागले. सांडायचे थांबले, पण पाकिटे रांगेत ताटकळू लागली आणि यंत्रांना निरोपच मिळेना. २०१० च्या सुमारास जिम गेटीस या संगणकतज्ज्ञांनी आपल्या घरच्या जाळ्यावर हे दुखणे ओळखले आणि त्याला 'बफरब्लोट', म्हणजे थारोळ्याची सूज, असे नाव पडले. घरात कुणी फोनमधले फोटो वर चढवू लागले की दुसऱ्याचे व्हिडिओ कॉलवरचे बोलणे अडखळते, ते बऱ्याचदा याच सुजेमुळे. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची युक्ती दिली. काही राउटरमध्ये ती 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' या नावाने मिळते. असेल तर चालू करावी.

हवा गजबजलेली आहे

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी टिपतात. जागा निवडताना तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे हेही पाहिले गेले. कारण गोंगाटात कुजबूज ऐकू येत नाही.

पुण्यातील सोसायटीत नेमके उलटे आहे. भिंतीला भिंत लागून घरे आणि घराघरात वायफाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडीसुद्धा गर्दी करतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. त्यांतला मोकळा निवडावा. डबीला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडता येत असेल तर तो द्यावा. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त, मात्र सिमेंटच्या भिंती ओलांडताना तो लवकर थकतो. राउटर माळ्यावर, लोखंडी कपाटामागे किंवा मीटरच्या पेटीत कोंडू नका. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघडा ठेवा. आणि जी डबी एकाच जागी बसणार आहे तिला तार देणेच सर्वांत चांगले. अशी तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत चालते.

गावाकडच्या घरासाठी

गावात घर एकीकडे आणि नवी खोली किंवा गोठा दुसरीकडे असेल तर उघड्यावरून तांब्याची तार ओढू नका. जवळपास वीज पडली की तारेतून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. तिथे काचेची, म्हणजे फायबरची तार घालावी. काचेतून वीज वाहत नाही. मात्र तिच्या मजबुतीसाठी आत लोखंडी सळी नसलेली तार मागून घ्यावी. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की डबी आणि राउटरचे प्लग काढून ठेवण्याची जुनी सवय मोडू नका.

दुरुस्तीच्या नावाखाली अनोळखी माणसाला फोनवरून वायफायचा पासवर्ड किंवा आलेला ओटीपी सांगू नका. दुकानदार नवी डबी घ्या म्हणाला तर त्याला विचारा, "पेनड्राइव्हवरून चित्र नीट चालतं, मग डबीचा दोष कसा?" आणि इंटरनेटवाला मोठा प्लॅन घ्या म्हणाला तर विचारा, "घरातल्या घरात अडखळतं, त्याला बाहेरचं पाणी वाढवून काय होणार?" हे दोन प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सहज फसवत नाही.

या कामाला इंग्रजीची मोठी जाण लागत नाही. लागते ती पाण्याच्या वाटेने एकेक पाऊल चालत जाण्याची सवय, आणि ती आपल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुला-नातवंडांनी सेटिंगची पाने उघडून द्यावीत, वडीलधाऱ्यांनी विचारावे की पाणी कुठवर आले आणि कुठे सांडले. दोघे मिळून एका संध्याकाळी हे काम होईल. एक पेनड्राइव्ह, एक चांगली तार आणि एक वही, एवढ्या सामानावर सुरुवात करा. मोठी खरेदी करायची की नाही, ते वहीतले आकडे सांगतील.